गिरजेचं दुपारचं विमान

गिरजे, इकडे ये बघू. तशी दारात उभी राहू नकोस पाहुण्यासारखी. जवळ ये, हितं पाटावर बस. आधी चार शब्द सुनावून घेते तुला, मग बाकीचं. काय गं, एवढी कसली घाई झाली होती? मी थोरली, तू धाकटी. या घराचा उंबरा मी तुझ्या कितीतरी आधी ओलांडला. नळावर कधी माझ्या आधी घागर लावली नाहीस. ‘अक्का, पयलं तुमची’ म्हणून बाजूला सरायचीस. आणि जायच्या वेळी मात्र मला मागं ठेवून पुढं? कुणी शिकवलं हे तुला? निदान विचारायचं तरी होतंस की.

आपल्या दोघींच्या चुलींमध्ये एकच भिंत. भावाभावांची वाटणी झाली तेव्हा ती भिंत घातली, आणि घालून झाली त्या दिवसापासून आपण दोघी जावांनी ती वाजवायला सुरुवात केली. सकाळी गिरणीचा भोंगा झाला की मी लाटणं दोनदा आपटायची. म्हणजे चहा टाकलाय, ये. तिकडून तुझं एकदा. म्हणजे आले. त्या दिवशी मी दोनदा आपटलं, तिकडून काहीच नाही. म्हटलं, न्हाणीत असशील. परत आपटलं. चहा उकळून उकळून काळा झाला तेव्हा मी उठले. पुढचं तुला माहीत आहे, आणि मला बोलायचं नाही.

हात अजून सवयीनं लाटण्याकडे जातो. परवा नकळत आपटलंसुद्धा. आणि गिरजे, पलीकडून एकदा वाजलं! तुझी सून होती, सुरेखा. पोरगी चहाला म्हणून आली, मला बघितलं, आणि मग आम्ही दोघी रडत बसलो. चहा तसाच निवला.

आता तुझ्या गाठोड्याचं. ते अजून माझ्या फडताळात आहे. शनिवारी तू दिल्लीला लेकाकडे, शिवाकडे निघणार होतीस. शनिवार काही चांगला नाही, म्हणून बुधवारच्या मुहूर्तावर प्रस्थान आणून ठेवलंस माझ्याकडे. रुमालात मूठभर तांदूळ, एक सुपारी, एक हळकुंड आणि तुझी धुतलेली चोळी. चांगल्या वेळेला आपली अशी एखादी वस्तू दुसऱ्याच्या घरात नेऊन ठेवली की प्रवास सुरू झाला म्हणायचं, आणि खरं निघताना तिथून ती उचलून पुढं जायचं. पूर्वी सगळेच ठेवायचे, आता गल्लीत तू एकटीच उरली होतीस. मी हसले तशी तू म्हणालीस, “हसा. मुहूर्ताला मानूस निघालं की निघालंच अक्का. अंग तेवढं मागनं जातंय.”

शुक्रवारी सकाळी तू गेलीस. ना गाठोडं नेलंस, ना मला सांगितलंस. दिवसांच्या वेळी कुणीतरी म्हणालं, ते तळ्यात सोडून द्या, घरात ठेवू नये. मी म्हटलं, हात लावून बघा कुणी. ज्याचं आहे तो नेईल.

गाठोड्याकडे बघितलं की मला तुझं ते विमान आठवतं. दुष्काळ सरल्याच्या पुढच्या वर्षीचं.

तू शिवाच्या थोरल्याच्या वेळी सुरेखाच्या बाळंतपणाला गेली होतीस. परत येताना तुला एकटीला एवढा लांबचा रेल्वेचा प्रवास नको म्हणून शिवानं विमानाचं तिकीट काढलं. अख्ख्या गल्लीत विमानात बसलेलं माणूस नव्हतं. विमान संध्याकाळचं. रात्री मुंबईत शिवाच्या मित्राकडे मुक्काम, दुसऱ्या दिवशीची गाडी, आणि अंधार पडता पडता तू सोलापुरात, असं ठरलेलं होतं.

त्याच दिवशी सकाळी माझं पिशवीचं ऑपरेशन ठरलं होतं. तुला कळवू नका, असं मी ह्यांना बजावलं होतं. बाळंतिणीच्या घरात कशाला काळजी पाठवायची? बरं, डॉक्टर काही स्पष्ट बोलत नव्हते. “उघडल्यावर बघू” म्हणत होते. उघडल्यावर म्हणे! मी काय पेटी आहे? पण गिरजे, आज सांगते, मी फार भ्याले होते. फडताळ आवरून ठेवलं होतं. कोणतं लुगडं कुणाला, ते मनाशी ठरवून झालं होतं. तुझ्यासाठी हिरवं इरकल काढून वर ठेवलं होतं, उघडलं की पहिलं दिसेल असं.

सकाळी टांगा आला. हे माझी कपड्यांची पिशवी घेऊन पुढे बसले, मी मागे. टांगा गल्लीच्या तोंडाशी आला तर समोरून दुसरा टांगा. त्यात ट्रंक, ट्रंकेवर वळकटी आणि वळकटीला धरून तू! केस विस्कटलेले, डोळे लाल.

मी म्हटलं, “तू कशी? तू तर संध्याकाळी येणार होतीस.”

“आले मंग. कुटं निघालाय तुमी?”

“दवाखान्यात. काही नाही, उद्या-परवा येईन.”

तू एवढंच “आसं?” म्हणालीस. आपल्या टांगेवाल्याला ट्रंक दारात टाकायला सांगितलीस आणि चढलीस की माझ्या टांग्यात. मी ओरडले, “अगं बिनआंघोळीची, आधी घरात पाय तरी टाक.”

“घरात पाय टाकला की मुहूर्त मोडतोय. सरका.”

मी सरकले. तुझा हात माझ्या हातात आला तेव्हा तो बर्फासारखा गार होता. मी म्हटलं, मुंबईच्या रात्रीच्या गाडीतला वारा लागला असेल.

शुद्धीवर आले तेव्हा पहिलं दिसलं ते तुझं नाक. एवढं जवळ आणलं होतंस की मला वाटलं, वर गेले आणि तिथंही हीच! तोंड सुकलेलं, पोटात आग, आणि तू म्हणालीस, “पिशवी गेली, पन मालकीण ऱ्हायली.” डॉक्टर म्हणाले होते, साधी गाठ होती, काही नाही. ते तू मला सांगायच्या आधी सगळ्या बायकांच्या वॉर्डाला सांगून मोकळी झाली होतीस.

आणि मग तिसऱ्या दिवसापासून तुझं विमान सुरू झालं. वॉर्डातल्या बायका कॉटवर उठून बसायच्या ऐकायला.

“आमच्या दिल्लीच्या शेजारी एक पंजाबीण,” तू सांगायचीस. “निघायच्या आदी तिच्याकडं ठिवलं प्रस्थान. आता तिला काय ठावं! तिला वाटलं, सोलापूरची म्हातारी जाताना भेट देतीया. तांदूळ शिजवून खाल्लं, सुपारी नवऱ्याला दिली आन् माझा रुमाल धुऊन, इस्त्री करून, त्यात बर्फी बांधून परत! यव्वा! माझं प्रस्थान तिच्या पोटात. आता काय तिला उचलून आनू? शिवाला म्हटलं, मुहूर्त सकाळचा हाय, आता अंगानंच निघाय पायजे. चल, सोड मला विमानाला.”

“मग?” कोपऱ्यातली बाई विचारायची. तिनं हे चारदा ऐकलेलं असायचं.

“मंग काय! तितं एक पोरगी, ओठ रंगवलेली. म्हनाली, माताजी, आपका जहाज शाम का है. मी म्हटलं, मेरेकू मालूम. शाम के पैले कोई गाडी नै क्या? ती म्हनाली, दोपहर का है, पर भरा हुआ है. चान्स पे बैठना पडेगा. चान्स म्हंजे काय, तर ज्याचं तिकीट हाय तो आला न्हाय, तर त्याची जागा आपल्याला. म्हंजे आपली एस्टीच की! फकस्त खिडकीतनं रुमाल टाकाय येत न्हाय.”

इथं हसू. पोटाला टाके असलेल्या बायका दोन्ही हातांनी पोट धरून हसायच्या.

“माझ्या म्होरं चान्सवर एक जाडा बाबा, सुटातला. त्यो पयला, मी दुसरी. दुपार झाली. भूक लागली. म्या कडक भाकरी आन् शेंगाची चटनी सोडली. समोरचा बघतोय म्हटल्यावर एकटीनं कसं खायाचं? दिली त्यालाबी. त्या बाबानं काय करावं? भाकरी ठिवली बाजूला आन् चटनीची मूठच्या मूठ तोंडात! डोळ्यांतनं पानी, कानांतनं धूर. पळाला नळाकडं. आन् तेवढ्यात पोरगी वरडली, एक सीट! म्होरला कुटंय? नळावर. मंग मागं कोन? मी की!”

सिस्टर यायची धावत. “ए दिल्लीवाल्या बाई, बाहेर बसा! माझ्या पेशंटचे टाके तुटतील.” तू बाहेर जायचीस आणि दारातून मान आत घालून शेवट सांगायचीस, “विमानात खिडकीची जागा मिळाली बगा, रुमाल न टाकता.”

मी त्या वॉर्डात जगले ते डॉक्टरांमुळे जगले असेन. पण जगावंसं वाटलं ते तुझ्या त्या जाड्या बाबामुळे. हे तुला कधी बोलले नाही. बोलले असते तर म्हणाली असतीस, “फुडं बोला.”

त्यानंतर आपला वाद सुरू झाला तो शेवटपर्यंत मिटला नाही. उखळात शेंगदाणे कांडायला बसलो, तू एक मुसळ, मी एक मुसळ, की तालावर वादही चालायचा. तू म्हणायचीस, “मुहूर्तानं आनलं मला. मुहूर्तानं वाचलात तुमी.” मी म्हणायची, “मुहूर्त कसला? चटणीनं आणलं. आणि वाचले ते माझ्या हाडानं.” तू म्हणायचीस, “पंजाबिनीनं तांदूळ का खाल्लं मंग? योजना असती एकेकाची.” मी म्हणायची, “देवाला काय दुसरं काम नाही, तुझे तांदूळ शिजवायला लावतो तो?” मुसळं एकमेकांवर आपटायची, आणि हे बाहेरून ओरडायचे, “अगं चटणी करताय की कुस्ती?”

एकच गोष्ट सांगताना मात्र तू हसायची नाहीस. मध्येच मुसळ थांबवून म्हणायचीस, “अक्का, ज्याच्या जागंवर मी बसले त्यो का आला नसंल वो? घरातनं निघाला असंल, वाटंत काय झालं असंल?” मी म्हणायची, अगं, झोप लागली असेल त्याला. तुला पटायचं नाही. सिद्धेश्वराला गेलीस की त्याच्या नावानं दिवा लावायचीस. नाव तरी कुठं माहीत होतं! ‘न आलेला’ म्हणून लावायचीस. आणि त्याच्या शेजारी आणखी एक. दुसरा कुणाचा विचारलं तर म्हणायचीस, “एकटा दिवा बरा दिसत न्हाय.” मीही सोडून दिलं.

गिरजे, आता खरी गोष्ट बोलू का? चार दिवसांपूर्वी मी सुरेखाला ती पंजाबिणीची गोष्ट सांगत होते. म्हटलं, पोरगी रडून रडून अर्धी झालीय, जरा हसेल. सांगता सांगता मीच हसायला लागले. तिच्याकडे बघते तर ती हसेना.

“मोठ्या आत्या,” ती म्हणाली, “कुठली पंजाबीण?”

“अगं, तुझ्या शेजारची. तांदूळ खाल्लेली.”

“आमच्या शेजारी तेव्हा कुणी राहतच नव्हतं. घर रिकामं होतं.”

मला वाटलं, हिला आठवत नसेल, बाळंतीण होती. पण ती हळूहळू सांगायला लागली आणि मी ऐकत गेले. म्हणाली, निघायच्या आदल्या दिवशी इकडून आमच्या ह्यांचं कार्ड आलं. तू तिला वाचायला लावलंस. अक्काचं ऑपरेशन आहे, सकाळीच आहे, तिनं कळवू नको म्हटलंय पण माझ्यानं राहवेना, एवढंच त्यात. तू ऐकलंस आणि उठून पंचांग काढलंस. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या वेळेला नेमका राहुकाळ. सुरेखा म्हणाली, “आत्या, थोडं थांबून निघा, विमान संध्याकाळचंच आहे.” तू पंचांगाकडे बघत बसलीस. मग ते मिटलंस आणि म्हणालीस, “राहू त्याचं बगंल. माझी अक्का तितं एकटी हाय.”

प्रस्थान नाही, मुहूर्त नाही, काही नाही. साधं बाजारात जायला वार बघणारी तू, राहुकाळात घराबाहेर पडलीस.

मी विचारलं, “आणि तो जाडा बाबा? चटणी?”

सुरेखाच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. म्हणाली, शिवा होता तिथं तुझ्याजवळ. रजा टाकून बसला होता. चान्सवर तो माणूस पहिला आणि तू दुसरी, एवढं खरं. पोरीनं एक जागा आहे म्हणून सांगितलं, तो उठला, आणि तू त्याच्यापुढं पदर पसरलास. शिवा शरमला, “आई, काय करतेस?” म्हणाला. तू त्याचं ऐकलं नाहीस. तुझ्या त्या मोडक्या हिंदीत काय बोललीस ते शिवालाही नीट कळलं नाही. ‘बडी बहन’ एवढं कळलं. तो माणूस बाजूला सरला. म्हणाला, “माताजी, पहले आप. मैं शाम को चला जाऊँगा.” चटणी त्यानं चाखलीही नाही. तुझ्या डब्यातली होती तेवढी सगळी तू जाताना त्याच्या हातात दिलीस आणि मागं न बघता गेलीस.

गिरजे, तू पदर पसरलास? तू? भाऊजी गेले तेव्हा लोक मदत घेऊन आले, तर हात जोडून परत पाठवलेस. पोराच्या शिक्षणासाठी माझ्यापुढंसुद्धा कधी हात केला नाहीस. भिंतीपलीकडे उपाशी झोपली असशील, पण लाटणं वाजवलं नाहीस. आणि त्या परक्या मुलखात, परक्या माणसापुढं, चारचौघांत?

मी तशीच उठून बाहेर गेले. हे सुपारी कातरत बसले होते. म्हटलं, “तुम्ही कार्ड टाकलं होतं?”

ह्यांचा अडकित्ता थांबला. “टाकलं होतं.”

“आणि इतकी वर्षं मला बोलला नाहीत?”

“तू म्हणालीस तिला सांगू नको. ती म्हणाली तुला सांगू नको. शपथ घातली होती तिनं. म्हणाली, अक्काला कळलं तर ती मला जन्मभर ‘उगाच आलीस’ म्हणत बसंल आन् स्वतःला खात बसंल.” मग म्हणाले, “दोन जावांच्या मधे माणसानं किती बोलायचं?” आणि डोळे पुसले. मी ह्यांना रडताना तुझ्या दिवसकार्यालाही बघितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी तळ्यातल्या सिद्धेश्वराच्या देवळात गेले. एक दिवा लावला, शेजारी दुसरा लावला. दुसरा कुणाचा ते आता मला कळलं. जो आला होता आणि ज्यानं वाट दिली, त्याचा. मग तिसरा लावला. तेल संपत आलं होतं, पुजारी म्हणाले, आजी, किती लावताय? मी म्हटलं, एक चुकून आधीच्या विमानानं गेलीय, तिचा आहे.

आता सांग, कुणाशी भांडू मी? वाद माझा मुहूर्ताशी होता आणि मुहूर्त तर तूच मोडून आली होतीस. इतकी वर्षं उखळापाशी बसून मी तुला अडाणी म्हटलं, आणि तू हसत हसत म्हणवून घेतलंस. मला कुणी माझ्यासाठी धावलेलं खपत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? म्हणून तू धावलीस आणि वर सहज येऊन पोचल्याचं सोंग केलंस, म्हणजे मी हसेन आणि विचारणार नाही. अख्खा वॉर्ड हसवलास. त्या हसण्याखाली तुझा तो गार हात मला दिसला नाही गं.

सुरेखा परवा जाते दिल्लीला. म्हणत होती, मोठ्या आत्या, चला माझ्याबरोबर. बघू म्हटलं. तुझं मुसळ मी तिला देणार होते आठवण म्हणून, पण विमानात मुसळ घेऊन कोण बसू देणार? हितंच राहू दे. एका मुसळानं कांडायला तालच लागत नाही. परवा बसले होते, चार घाव घातले आणि उठले. चटणी जाडीभरडी राहिली. हे म्हणाले, चांगली झालीय. खोटं बोलायला तूच शिकवलंस सगळ्यांना.

हिरवं इरकल अजून तसंच आहे, सगळ्यांत वर. तुझं गाठोडं त्याच्यावर ठेवलंय. फडताळ उघडलं की दोन्ही एकदम दिसतात. गाठ मी सोडलेली नाही. तूच म्हणायचीस, जिथं ठेवलं तिथूनच उचलून जायचं, नाहीतर प्रवास पुरा होत नाही. मग तुझा कसा पुरा झाला? तू निघालीस कुठून?

तेव्हा ये. एकदा ये. घरात पाय टाकू नकोस वाटल्यास, खिडकीशी ये. चहा टाकते, गाठोडं हातात देते, इरकल नेसवते, आणि त्या पदर पसरण्याबद्दल एक अक्षर बोलणार नाही, तुझी शपथ. तू मला हाक मारताना तुमच्या अक्कलकोटकडच्या कानडी बोलीत ‘अक्का, बर्री’ म्हणायचीस, या म्हणून. धाकट्यांना तुम्ही ‘बा’ म्हणता. मी कधी तुझ्या बोलीत तुला बोलावलं नाही, आज बोलावते. गिरजे, बा. लवकर बा. सकाळी भोंगा झाला की मी दोनदा वाजवीन. पंचांग बघत बसू नकोस. राहुकाळ असला तरी चालेल.